शून्याच्या डावीकडची वाडी

एकदा एक शिष्य, पूर ओसरल्यावर, डोंगरातून परतला आणि आपल्या वृद्ध गणिती गुरूंसमोर येऊन बसला. फेफऱ्याचे औषध पावसाळ्यापूर्वी साठ वाड्यांत पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे होते. औषध मोजके होते आणि पावसात चार महिने वाटा बंद असत.

"प्रत्येक वाडीत पन्नास मुलं," तो म्हणाला. "दोन हजार मुलांच्या पाहणीत चाळीस आजारी सापडली. म्हणजे वाडीला सरासरी एक. तुम्ही शिकवलेला घंटेच्या आकाराचा वक्र लावला. चार किंवा अधिक निघण्याची शक्यता हजारात सहाच आली. म्हणून सगळीकडे तिघांपुरतं औषध ठेवलं. एका वाडीत चार निघाली. चौथी, चंद्री, गेली."

गुरूंनी त्याच्यापुढे खडू ठेवला. मग म्हणाले, "तो वक्र इथे फरशीवर काढ."

शिष्याने खडूने काढला. गुरूंनी त्याच्या डाव्या टोकावर काठी टेकवली.

"जा, या वाडीतली आजारी मुलं मोजून ये."

"कुठल्या वाडीतली?"

"जिथे शून्याहून कमी मुलं आजारी आहेत. तुझा वक्र म्हणतो, शंभरात अशा सहा वाड्या आहेत."

"गुरुजी, आज तरी थट्टा नको."

"थट्टा नाही रे. सरासरी मोठी असली, की हा वक्र खऱ्या मोजणीच्या अगदी जवळ जातो. सरासरी एकच असली, तर तो नसलेल्या वाड्यांनाही वाटा देतो आणि उजवीकडे, जिथे चंद्री होती, तिथे कमी पडतो. शून्य, एक, दोन, तीन, प्रत्येकाची शक्यता वेगळी काढली असतीस, तर चार किंवा अधिकची हजारात अठरा आली असती. साठांत एक वाडी धरावीच लागली असती."

"तासाभराचं काम होतं."

"हो. आणि वक्र कुठे लावू नये, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. तुझ्या जागी मी असतो तर मला तरी आठवलं असतं का, कोण जाणे."

"तिची आई नशिबाला दोष देते. तिला काय सांगू?"

"आमचं गणित चुकलं, असं सांग. चल, मीही येतो."

चढावर गुरू दोनदा दम खायला बसले. तिसऱ्यांदा शिष्यच थांबला.

"गुरुजी, हजारात अठरा आले असते, तरी मी बहुधा तिघांपुरतंच ठेवलं असतं."

गुरूंनी त्याच्याकडे पाहिले.

"तेही तिला सांग," ते म्हणाले.