वेचून दिलेला सरवा

“मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा ना, बाबा!”

दिनकर आढाव आल्यापासून हेच विचारत होता. खुर्ची दिली तर बसला नाही. चहा दिला तर निवून गेला.

आमचे हे, म्हणजे शांतवन पाळक, लिंबाखाली बाजेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण गावात कुणाचं काही अडलं की तो आमच्याच दारात. नवे पाळक हुशार आहेत, विचारलं की लगेच उत्तर देतात. यांच्याकडून उत्तर काढायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा, मी संसार केलाय.

“काय केलंस ते आधी सांग,” हे म्हणाले.

“अख्ख्या गावाला माहितीय.”

“मला कमी ऐकू येतं हल्ली.”

कसलं कमी! मी स्वयंपाकघरात गूळ फोडला तरी यांना अंगणात कळतं.

दिनकरनं सुस्कारा सोडला आणि सांगायला लागला. आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचा तो अध्यक्ष. शेती मोठी, नीटनेटकी, बांध आखून घेतल्यासारखे. माणूस वाईट नाही हो. पण आपण चांगलं करतोय हे त्याला जरा जास्तच माहीत असतं.

तर झालं असं. ज्वारीची काढणी झाली की रानात मागं कणसं राहतात. कुठं ढेकळाआड, कुठं पाचोळ्याखाली. तो सरवा. मालकानं ‘रान मोकळं झालं’ म्हटलं की गावातल्या गरजू बायका जातात आणि वेचून घरी नेतात. मालक तिकडं फिरकतसुद्धा नाही. आमच्याकडं हे आजचं नाही, आणि शास्त्रातही तेच सांगितलंय, की शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आहे.

“यंदा मी विचार केला,” दिनकर म्हणाला, “बिचाऱ्या बायका उन्हात वाकवाकून वेचतात. एकीला पाटीभर मिळतं, दुसरीला मूठभर. हे काय बरं दिसतं? म्हणून समोरच्या रानात सरव्याला बायकांना येऊच दिलं नाही. मजूर लावून मीच वेचून घेतला. झोडपला, पाखडला, गोण्या भरल्या. कमी पडलं तिथं पदरची ज्वारी घातली, बाबा! आणि काल हंगामाच्या सणाला देवासमोर एकेकीला नाव घेऊन सारखी वाटली.”

“कर्ण्यावरून.”

“मग? मागं बसलेल्यांना ऐकू नको जायला?”

हे दोरा दातानं तोडत होते.

“सगळ्या आल्या, गोणी घेऊन गेल्या. सगुणावहिनी उठलीच नाही. तिची गोणी अजून तिथंच पडलीय. ज्वारी तीच, बाबा! तिनं वेचली असती तीच. उलट जास्त. मग का नको?”

एवढं बोलून तो खाली बसला. खुर्चीवर नाही, पायरीवर. डोळे भरून आले होते त्याचे, आणि ते खरे होते.

सगुणा पगारे म्हणजे याकोबची बायको. याकोब आणि दिनकर एका पाटीवर शिकलेले, एका विहिरीत पोहलेले. याकोबला जाऊन दोन वर्षं झाली. घरात दाणा नाही म्हणून सगुणा येत्या गुरुवारी वीटभट्टीवर जायला निघाली होती. मुकादमाचा टेम्पो ठरला होता. आणि तिची प्रीती दहावीला, परीक्षा तोंडावर आलेली! भट्टीवर गेली की पोरीची शाळा संपलीच म्हणायची. पुस्तकं जातील आणि हातात विटांचा साचा येईल.

“याकोबला मी शब्द दिला होता,” दिनकर म्हणाला. “पोरीला शिकवीन म्हणून. आता ती माझ्याकडनं दाणासुद्धा घेत नाही. मी करू काय?”

ह्यांनी चप्पल उलटी करून टाका ओढून पाहिला.

“सरवा वेचून घेतलास म्हणतोस,” हे शेवटी म्हणाले.

“हो.”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? माझ्याच रानातला.”

“हं...”

“बाबा, असं ‘हं’ करून सोडू नका.”

“मागच्या रानातली ज्वारी निघायचीय ना अजून?”

“आजच चाललीय काढणी.”

ह्यांनी चप्पल पायात घातली, अंगठा हलवून पाहिला. “चल. पाटी उचलायला येते ना?”

मी पण निघाले. म्हटलं, घरात बसून मला कोण सांगणार आहे पुढं काय झालं ते!

मागच्या रानात बायका ओळीनं बसून कापून टाकलेल्या ताटांची कणसं मोडत होत्या. पाट्या भरल्या की गडी त्या ट्रॉलीत नेऊन ओतत. ह्यांनी दिनकरच्या डोक्यावर एक भरलेली पाटी ठेवायला लावली. मालकाच्या डोक्यावर पाटी! बायकांनी पदर तोंडाला लावले.

“आता चाल,” हे म्हणाले. “आणि सांडत चाल.”

“काय?”

“शास्त्र पाठ आहे ना तुला? मग कर.”

दिनकर थांबला. पाटी खाली घेतली, त्यातली टपोरी कणसं निवडली आणि बांधाच्या कडेला छान रचून ठेवली. टोकं एका बाजूला, दांडे एका बाजूला.

“हा ढीग झाला,” हे म्हणाले. “ढिगाला मालक असतो. उचलणाऱ्याला विचारावं लागतं.”

दिनकरनं ढीग मोडला. पाटी परत डोक्यावर घेतली, थोडं चालला, मूठभर कणसं घेऊन मागं भिरकावली आणि वळून पाहिलं.

“मागं बघितलंस,” हे म्हणाले.

“कुठं पडली ते बघायला नको?”

“कशाला?”

पुन्हा पाटी काठोकाठ भरली. तो चालला तशी कणसं आपोआप घसरायला लागली. आणि काय सांगू, माणसाची सवय! कणीस पडलं रे पडलं की हा वाकायचा. वाकला की आणखी चार पडायची. तिकडून गडी ओरडला, “मालक, सांडतंय, सांडतंय!”

“सांडू दे!” दिनकर खेकसला. गडी बघतच राहिला. आढावांच्या रानात हे शब्द कुणी ऐकले नव्हते.

मला हसू आवरेना. हे मात्र गंभीर होते.

“बाबा, हे अवघड आहे,” दिनकर घाम पुसत म्हणाला. “गोणी देणं सोपं होतं.”

“होय ना?”

मी तिथून पाय काढला. हे मला काही म्हणाले नव्हते, आणि मला सांगावंही लागत नाही. सगुणाच्या दारावरून जायचं तर जायचं. ती बोचकी बांधत होती. प्रीती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती, पण पान काही उलटत नव्हतं.

मी म्हटलं, “आढावांचं मागचं रान मोकळं होतंय आज. शेजारच्या दोघीतिघी निघाल्यात.”

“आढावांचं रान आणि सरवा?” सगुणानं गाठ करकचून आवळली. “तो तर काल कर्ण्यावरून वाटला की, पाळकीणबाई. ‘आपल्या गरीब भगिनी सगुणा याकोब पगारे.’ माझी पोरगी मैत्रिणींबरोबर पुढच्या सतरंजीवर बसली होती. तिनं मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही.”

देवा, मीही तिथंच बसले होते आणि टाळ्या वाजवल्या होत्या. लाज वाटली मला.

“मी गोणी आण म्हणत नाही तुला,” मी म्हटलं. “रान मोकळं होतंय एवढंच सांगते. वाकायला येतं ना अजून?”

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. मग खुंटीवरची पिशवी काढली.

दुपार कलताना मी आणि हे दिनकरच्या विहिरीजवळ बसलो होतो. दिनकर शेजारी, हातपाय धुऊन. रानात चारपाच बायका वेचत होत्या, त्यात सगुणा. वेचणाऱ्या बायकांकडं मालकानं बघायचं नसतं. दिनकर आपला विहिरीत बघत होता, जणू तिथंच पीक आलंय.

सगुणा पाणी प्यायला आली. ओटी फुगलेली, पिशवी गच्च. चेहरा उन्हानं लाल झाला होता, पण सकाळची सगुणा नव्हती ती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “गडी बदला तुमचे. डोळे फुटलेत का त्यांचे? किती सांडलंय! याकोब असता तर त्यांची खरडपट्टी काढली असती.”

दिनकरचे कान तापले. साऱ्या पंचक्रोशीत मिरवायचा तो, माझ्या रानात कणीस राहत नाही म्हणून. तोंड उघडलं त्यानं. मला वाटलं, आता हा सांगतो, वहिनी, गड्यांनी नाही, मी, मी सांडलंय तुमच्यासाठी...

ह्यांनी काही केलं नाही. नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

दिनकरनं उघडलेलं तोंड मिटलं.

“हो वहिनी,” तो म्हणाला. “लक्ष कमी पडलं माझं. सांगतो त्यांना.”

“सांगू नका इतक्यात,” सगुणा म्हणाली. “दोन दिवस थांबा. खालची पट्टी व्हायचीय माझी अजून.”

आणि ती हसली. किती दिवसांनी हसली बाई! तिला कळलं होतं का? मला आजही विचाराल तर सांगता यायचं नाही. बायकांना पुष्कळ कळतं, आणि त्यातलं सगळं त्या बोलत नाहीत.

ती पाणी प्यायली. तोंड पुसलं. मग ह्यांना म्हणाली, “बाबा, मुकादमाला निरोप धाडला मी, यायची नाही म्हणून. परीक्षेपर्यंत पुरेल एवढं होतंय. मग मीही बघते काय ते.”

माझा जीव भांड्यात पडला. दिनकरनं तोंड फिरवलं आणि उगीच पायातला काटा शोधायला लागला. काटाबिटा काही नव्हता.

सगुणा मात्र गेली नाही. तिथंच टेकली. ओटीतलं सगळ्यात टपोरं कणीस काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं. मग दुसरं. मग तिसरं. दाणे पांढरे, मोत्यासारखे. तिची मूठ भरत गेली.

“काल सगळे देवापुढं काही ना काही घेऊन आले होते,” ती म्हणाली. “मी हात हलवत गेले. मला ते फार लागलं, बाबा. घेण्याचं नाही एवढं... द्यायला काही नव्हतं, त्याचं.”

हे मान हलवत होते.

“देवळातलं अर्पण येत्या रविवारी नेईन. पण याकोब होता तेव्हा आमच्या वाट्याच्या ज्वारीतली पहिली मूठ भाऊजींच्या घरी जायची. कधी चुकली नाही. तो गेल्यापासून राहिलंय ते.”

ती उठली आणि दिनकरपुढं येऊन उभी राहिली. मूठ पुढं केली.

“घ्या भाऊजी.”

दिनकर उभा राहिला तो गोंधळून. त्याच्याच रानातली ज्वारी. त्याच्याच पाटीतून घसरलेली. समोर कणसांनी भरलेली ट्रॉली उभी होती.

“वहिनी, अहो मला कशाला... तुम्हालाच लागेल ती. प्रीतीला...”

सगुणाची मूठ तशीच पुढं होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू मावळायला लागलं.

दिनकरनं ह्यांच्याकडं पाहिलं, पोहता न येणाऱ्यानं काठाकडं बघावं तसं. मग कसाबसा उजवा हात पुढं केला.

हे बाजूला बसले होते ते तिथूनच म्हणाले,

“एका हातानं नाही रे दिनकर. ओंजळ कर.”