इंजिन आणि रबराची गादी

रस्त्यावर मोटार दिसली की गाव गोळा व्हायचं, त्या काळची ही गोष्ट. आजारी राणीसाहेबांना माहेरी नेण्यासाठी एका संस्थानात उंची मोटार आली. पण इंजिन सुरू झालं की अख्खी गाडी थडथडायची. राणीसाहेबांना ते सोसवेना.

"हलू नकोस!" म्हणत लोखंडी बोल्टांनी इंजिनाला सांगाड्याशी घट्ट आवळलं. बिचारं श्वास कोंडून बसायचं, तरी थरथर गाडीभर पसरायचीच. संस्थानच्या दिनशा मिस्त्रींनी इंजिनाखाली लाकडी ठोकळे घालून पाहिले, तेही तडकले.

"आता हे इंजिनच काढावं लागणार," मिस्त्री म्हणाले. इंजिन खचलं.

शेवटचा उपाय म्हणून मिस्त्रींनी त्याच्याखाली रबराची जाड गादी बसवली.

"माफ कर, मला हलल्याशिवाय चालताच येत नाही," इंजिन पुटपुटलं.

"मग हल की," गादी म्हणाली. "मी हलेन तुझ्याबरोबर."

असं त्याला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. इंजिन मोकळेपणानं धडधडू लागलं, आणि गादी त्याच्यासोबत दबत, फुलत राहिली.

बऱ्याच वेळानं मागच्या पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, "मिस्त्री, गाडी कधी सुरू करताय?"

"राणीसाहेब, नदी ओलांडली," मिस्त्री म्हणाले. "समोर दिसतंय ते तुमचं माहेर."