तंबोऱ्याच्या डोक्याची किनार

खूप खूप वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात तंबोरे घडवणारा एक कारागीर राहत असे. भोपळा निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं तो एकट्यानं करी.

त्याच्या मनात एक सल होता. जत्रेत लोक गाणाऱ्याला वाहवा देत. तंबोरा कुणी केला, असं आजवर एकानंही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी गावच्या गाणाऱ्या आजीच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला. देवीच्या जत्रेत पहिलं गाणं तिचं असे. ती म्हणाली, "बाळा, पौर्णिमेपर्यंत नवा करून दे. आवाज थकलाय रे. यंदाचं गाणं बहुतेक शेवटचं."

कारागिरानं आठ दिवस आधीच तंबोरा पुरा केला. तारा छेडल्या, तर घर सुरानं भरून गेलं. मग त्याची नजर तंबोऱ्याच्या डोक्याकडे गेली, जिथे खुंट्या बसतात. ते त्याला अगदीच उघडंबोडकं वाटलं. कडेनं शिंगाची काळीभोर पट्टी बसवायची, असं त्यानं ठरवलं.

पट्टी बसवायची तर लाकडात खाच कोरावी लागते. त्यानं तारा उतरवल्या, गवताच्या काडीनं माप घेतलं, खाच कोरली, शिंग शेकून मऊ केलं आणि बसवलं. पाहतो तर डावी किनार केसभर रुंद! डावीवर काडी धरून त्यानं उजवी वाढवली. आता उजवी रुंद दिसू लागली. मग उजवीवर काडी धरून डावी वाढवली. असं चार दिवस चाललं. पहिली काडी कुठे गेली, आधी कोणती बाजू मोठी होती, त्यालाच सांगता येईना.

बायको म्हणाली, "अहो, आजी तंबोरा उभा धरणार. ते डोकं तिच्याही डोक्यावर जाणार. तिला काय दिसतंय?"

"तिला नाही, लोकांना दिसेल."

अखेर किनार जुळली. कारागीर सूर लावायला बसला. दुसरी तार लावेपर्यंत पहिली उतरली. पहिली चढवली, तर तिसरी उतरली. त्यानं खुंट्यांना पकड यावी म्हणून खडू लावला, तारा बदलल्या, भोपळ्याला कान लावून पाहिला. काही कळेना.

"अगं, तार उतरतेय की माझा कान बिघडलाय?"

"कान जागेवर आहेत, मी बघतेय ना," बायको म्हणाली. "तुम्ही सगळं तपासलंत. ती किनार तेवढी सोडून."

"किनारीचा आणि सुराचा काय संबंध?" असं म्हणून त्यानं पट्टीवरून मायेनं बोट फिरवलं.

पौर्णिमेला त्यानं तंबोरा तसाच जत्रेत नेला. आजीनं तो हाती घेतला. खुंटी पिळली. हात सोडताच ती सर्रकन उलटी फिरली. आजीनं तंबोऱ्याचं डोकं चाचपून पाहिलं.

"अरे, खुंटीला धरून ठेवायला लाकूडच ठेवलं नाहीस."

"पण आजी, मी काही काढलं नाही हो. मी तर घातलं," कारागीर गोंधळून म्हणाला.

"घातलंस खरं. पण घालायला जागा कुठून आणलीस?"



जत्रेला आलेल्या एका गोसाव्याची एकतारी आजीनं मागून घेतली. साधा बांबू, एक तार. तिच्यावर आजी गायली, आणि सगळी जत्रा डोळे मिटून ऐकत राहिली. त्यानंतर आजी कधीच गायली नाही.

तो तंबोरा कारागिराच्या भिंतीवर टांगलेला राहिला. येणारे-जाणारे थबकून विचारत, "वा! काय किनार आहे! कुणी केला हो हा?"

"मी," तो म्हणे.

"मग जरा वाजवा की."

तेव्हा मात्र तो आपली पहिली काडी शोधल्यासारखा इकडेतिकडे बघत राही.

तात्पर्य: शोभा वाढवण्याआधी पाहावं, त्यासाठी आधार तर कोरला जात नाही ना.