पाटी नसलेला फोटो

कलामेळ्याचं दार उघडलं आणि वृंदाताई गोडांबेंच्या गॅलरीपुढे ही झुंबड उडाली! भिंतभर खऱ्या माणसांचे, खऱ्या वस्त्यांचे फोटो. तेवढ्यात मेळ्याचे प्रायोजक, बिल्डर केसकर, गर्दी सारत आले आणि एका फोटोपुढे थबकले. पत्र्याची घरं, वाळत घातलेल्या गोधड्या, दारात हसणारी बाई.

"काढा हा! धादांत खोटा फोटो! माझ्या टॉवरच्या जागी वस्ती कधी नव्हतीच. काढा, नाहीतर तुमचं दुकान आत्ता बाहेर फेकतो!"

वृंदाताई मात्र हसल्या.

"साहेब, फोटोंखालच्या पाट्या अजून लावायच्यात. ही जागा कुठली, ते इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही बरी ओळखलीत!"

एकच हशा उसळला. केसकर तरातरा निघाले, तशी ताईंनी कोरी पाटी अन् पेन पुढे केलं.

"जाता जाता टॉवरचं नाव तेवढं सांगून जा."