फ्रीजवरची नोटीस

सेक्रेटरी घारपुरे यांचा सोसायटीतला कारभार लोकशाहीचाच होता, फक्त लोकांना त्यातलं काही कळत नसे. ठरावाची नोटीस ते ऑफिसच्या आत लावत आणि ऑफिसला कुलूप घालत. आठ दिवसांत हरकत आली नाही की ठराव मंजूर.

ऐन उन्हाळ्यात गच्ची बंद झाली ती अशीच. गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्या घेऊन वर निघालेल्या कुंदाकाकूंना ते कळलं थेट गच्चीच्या कुलपाशी. त्या तशाच परतल्या.

पुढच्या रविवारी घारपुऱ्यांच्या नव्या गाडीवर जुनं लुगडं अंथरलेलं होतं आणि त्यावर कुरडया.

"कोणाला विचारून?" घारपुरे कडाडले.

"रीतसर आठ दिवस नोटीस लावली होती. तुमची हरकत आली नाही."

"कुठे लावली होती?"

"माझ्या फ्रीजवर."

"तुमच्या बंद घरातली नोटीस मला दिसणार कशी?"

एव्हाना सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. काकूंनी सोऱ्या पुसत वर पाहिलं.

"हेच जरा मोठ्यानं म्हणा. चौथ्या मजल्याला ऐकू गेलं नाही."

कुरडया वाळायच्या आत नोटीस बोर्ड लिफ्टशेजारी आला. पहिली नोटीस गच्ची उघडण्याची होती. तिला कोणाचीच हरकत आली नाही.