मोरपंखी गाडी

फार पूर्वी जनावरंही गाड्या हाकत, तेव्हाची गोष्ट. ढवळू सशाने नवी गाडी घेतली.

"साधा पांढरा रंग किमतीतच आहे. चमकत्या मोरपंखीला वर दोन पोती शेंगा," सुतारपक्षी म्हणाला.

ढवळूने हौसेने दिल्या. पण ओरखडा पडेल या भीतीने गाडी बाहेर काढायला त्याचं मन धजेना.

एके दुपारी शेजारची साळिंदरीण धावत आली. "भावजी, पिल्लू तापाने फणफणलंय. वैद्य तर काटेरी रानापल्याड!"

ढवळू क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "बसा, वहिनी."

काट्यांनी रंग जागोजागी खरवडला. पण काढ्याने ताप उतरला. परतताना पिल्लू म्हणालं, "काका, किती छान आहे हो तुमची गाडी!"

"खरंच की रे!" ढवळू हसला आणि मुद्दाम लांबच्या वाटेने, अख्ख्या गावातून गाडी मिरवत निघाला.