सहा नावाडी

नदीकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध चित्रकार चित्रशाळा चालवीत असे. तिथली रीत अशी, की शिष्याने स्वतंत्रपणे काढलेले पहिले चित्र पसंतीस उतरले, की गुरू स्वहस्ते त्या चित्राचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती त्याला बांधत. चिठ्ठी बांधली गेली की शिष्य चित्रकार झाला, आपल्या वाटेने जायला मोकळा.

एका शिष्याने या चिठ्ठीसाठी नऊ वर्षे वाट पाहिली होती. अखेर त्याने पाच हात लांब कापडावर होडी वल्हवणारे सहा नावाडी रंगवले. रोज एकेकाला बोलावून चौरंगावर बसवले, हातात वल्हे दिले आणि पापणीच्या केसापर्यंत टिपून घेतले. काम इतके झकास उतरले, की पठ्ठ्याने गुरूंना दाखवण्याआधीच गावी जाण्यासाठी वळकटी बांधून ठेवली.

गुरूंनी चित्र बराच वेळ निरखले. "नाव काय ठेवलेस?"

"सहा नावाडी, गुरुजी."

गुरूंनी मान हलवली आणि एक नव्हे, चांगल्या सहा चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर 'एक नावाडी'. प्रत्येक नावाड्याखाली एकेक लावून दिली. शिष्य चक्रावला. म्हातारपणी गुरुजींना भ्रम तर झाला नाही ना?

"गुरुजी, माणसे सहा असली तरी चित्र एकच आहे!"

"असं?" गुरू म्हणाले.

तेवढ्यात चित्र घेऊ इच्छिणारा व्यापारी आला. चिठ्ठ्या पाहून तो खूश झाला. "वा! माझ्या घरात दालनेही सहाच आहेत. कापून द्या, एकेका भिंतीवर एकेक लावतो."

कुणाचे कोपर कापले जाईल, कुणाचे वल्हे तुटेल, ते दाखवून या माणसाला गप्प करावे म्हणून शिष्य चित्राजवळ धावला. पण पहिल्या दोघांच्या मधून सुरी कुणालाही न लागता सरळ खाली गेली असती. पुढच्या दोघांच्या मधूनही. एकाची सावली डावीकडे पडलेली, दुसऱ्याची उजवीकडे. एक सकाळी चौरंगावर बसला होता, दुसरा दुपारी. कापली जाणार होती ती फक्त होडीची फळी, आणि ती तर त्याने शेवटी घाईघाईत ओढली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरू सावकाश बोलले, "बाळ, नावात कितीही जण मावतात. त्यांना एकत्र आणण्याचे काम मात्र चित्राला करावे लागते. तुझे सहाही जण उत्तम आहेत, पण अजून चौरंगावरच बसले आहेत. एकाला उचलून नेले तर उरलेल्या पाचांना पत्ताही लागणार नाही. होडीत एकाने वल्हे मारले की शेजाऱ्याचा खांदा हलतो."

शिष्याने व्यापाऱ्यापुढे हात जोडले आणि वळकटी सोडली. पुढचे वर्षभर तो रोज नावाड्यांसोबत होडीत बसला.

वर्षाने व्यापारी पुन्हा आला. नव्या चित्रात कुणाचा चेहरा पुढच्याच्या पाठीआड अर्धा दडला होता, कुणाचे वल्हे शेजाऱ्याच्या गुडघ्यावरून गेले होते, आणि साऱ्यांच्या पाठी एकाच ओढीने वाकल्या होत्या. कुठे कापता येईल म्हणून व्यापाऱ्याने कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवले, आणि ओशाळून मागे घेतले.

"याला मोठी भिंतच पाहावी लागेल," तो पुटपुटला.

गुरूंनी दौत पुढे ओढली. त्यांनी 'सहा नावाडी' असे लिहिले, शाई वाळू दिली आणि ती एकच चिठ्ठी चित्राला बांधली.